परवा दुरुस्त केलेलं व्हर्च्युअल मशीन आज पुन्हा का उघडत नाही

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर. ते सुरू होत नाही, ही तक्रार एकदाच आली तर तिच्यात फारसं काही नसतं. संदेश वाचायचा, एखादी सेटिंग बदलायची, झालं. डोकं खातं ते पुन्हा पुन्हा बंद पडणारं व्हीएम. नौपाड्यातल्या एका सीए ऑफिसात जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ चं व्हीएम ठेवलंय, तुर्भ्याला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या मशीनच्या प्रोग्रामसाठी एक्सपी. ऐरोली-घणसोलीला नोकरी करणाऱ्या निम्म्या पोरांच्या लॅपटॉपवर सरावासाठी उबुंटू किंवा काली हे लिनक्स असतंच. फोन कुणाचाही आला तरी वाक्य एकच: "अहो, काल तर चालत होतं!"

खरंच चालत होतं. बंद पडलेलं व्हीएम म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर, त्यात दोन-चार मोठ्या फायली. त्या रात्रीतून आपोआप बदलत नाहीत. बदलतो तो होस्ट, म्हणजे खरा कॉम्प्युटर: त्याची बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम), त्याचं विंडोज, त्याचं नेटवर्क, त्याची उरलेली जागा. त्यामुळे व्हीएम पुसून नव्याने टाकणं हा पहिला उपाय कधीच नसावा. आणि दुरुस्ती केल्यावर तोच त्रास परत आला, तर तुम्ही केलेलं काम कोण उलटवतंय तेच शोधायचं. खाली प्रत्येक कारणाबरोबर तो उलटवणाराही सांगितला आहे.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. व्हीएमचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) घेतलाय म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, मूळ फायलीच्या आधारावर उभा असतो. दुसरं, बायोसमध्ये जायचं असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. घरच्या विंडोज ११ वर ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर व्हीएम राहिलं बाजूला, अख्खा लॅपटॉपच दाराबाहेर उभा करतो.

संदेश नीट वाचा, पूर्ण वाचा. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लाल चौकटीत 'डिटेल्स' उघडलं की खरा कोड दिसतो. फोटो काढून ठेवा. 'एरर येतोय' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

बायोसमध्ये व्हीटी बंद

संदेशात 'व्हीटी-एक्स' किंवा 'एएमडी-व्ही' आणि पुढे 'डिसेबल्ड इन द बायोस' असे शब्द असतील तर अर्थ सरळ आहे: प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय (थोडक्यात व्हीटी) बंद आहे. इंटेलने ही सोय २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. म्हणजे आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक मशीनमध्ये ती असते, फक्त चालू असेलच असं नाही. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. उजवीकडे खाली 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'एनेबल्ड' हवं.

नसेल तर बायोस. डेलला सुरू होताना एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१ किंवा एफ२, असेंबल केलेल्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा डिलीट. इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असं लिहिलेलं असतं. एएमडीवर शोधायचं ते 'एसव्हीएम मोड', आणि ते बऱ्याचदा ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेलं असतं. सेव्ह करून बाहेर पडा आणि एकदा मशीन पूर्ण बंद करून मग चालू करा. नुसत्या रीस्टार्टने काही मशीनना समजत नाही.

आता मुद्द्याचं. तुर्भ्याच्या त्या वर्कशॉपमध्ये हीच सेटिंग लावून दिली की आठवडाभर सगळं छान चालायचं. मग सुट्टीच्या दिवशी मेन स्विच खाली केला, की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीएम बंद. तिथला मुलगा सांगायचा, 'विंडोज खराब झालंय.' पण घड्याळाकडे कुणी बघितलं नव्हतं. सुरू झाल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली असायची, इंटरनेट मिळालं की ती आपोआप जागेवर यायची, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. जुन्या बोर्डांवर हा सेल गेला आणि वीजही गेली, की बायोस मूळ सेटिंगवर येते, आणि कित्येक बोर्डांवर मूळ सेटिंग म्हणजे व्हीटी बंद. सीआर२०३२, तीन व्होल्टचा चपटा सेल. लॅमिंग्टन रोड गाठायची गरज नाही, गोखले रोडवर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. प्लग काढून सेल बदला, तारीख लावा, व्हीटी चालू करा, आणि त्याच फेरीत साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड आधी जो होता तोच आहे ना ते बघा. तो एएचसीआयवरून हलला असेल तर होस्टचं विंडोजच उठणार नाही.

दुसरा उलटवणारा म्हणजे बायोसचं अपडेट. लॅपटॉप कंपन्यांची अपडेट करणारी सॉफ्टवेअरं हल्ली बायोसही परस्पर बदलतात, आणि कधीकधी त्यात सेटिंग मूळ पदावर जाते. मशीन नवीन आहे, सेल ठीक आहे, तरी व्हीटी बंद झालं असेल तर नुकतं असं काही बसलं का ते अपडेटच्या इतिहासात बघा.

कासव दिसतंय का?

व्हीटी चालू आहे, तरी व्हर्च्युअलबॉक्स उघडत नाही, किंवा उघडून इतकं हळू चालतं की लॉगिनचा पडदा येईपर्यंत चहा होतो. व्हीएमच्या खिडकीत खालच्या पट्टीवर उजवीकडे बघा. तिथे हिरवं कासव असेल तर रोगनिदान झालं: विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारा थर), हायपर-व्ही, आधीच प्रोसेसरची ती सोय धरून बसला आहे आणि तुमचं व्हीएम त्याच्यामागून चालतंय. व्हर्च्युअलबॉक्स ६.० च्या आधी हे अजिबात जमत नव्हतं, संदेश देऊन सरळ बंद पडायचं. आता जमतं, पण रडतखडत.

"पण मी हायपर-व्ही कधी टाकलंच नाही, माझ्याकडे होम एडिशन आहे," असं हमखास ऐकायला मिळतं. होम एडिशनमध्ये हायपर-व्हीचा मॅनेजर नसतो हे खरं, पण त्याखालचा हायपरव्हायझर असतो आणि तो मागच्या दारानं चालू होतो. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकलं, डॉकर डेस्कटॉप (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, की तो आला. प्रो एडिशनवर विंडोज सँडबॉक्स चालू केला तरी तेच. आणि यातलं काहीही नसेल तरी 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षेची सोय त्याच्याच जिवावर चालते. विंडोज ११ नव्यानं टाकलं की योग्य हार्डवेअरवर ती मुळातच चालू असते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच्या आगेमागे खूप जणांनी मशीन बदललं किंवा ११ टाकलं. 'नव्या लॅपटॉपवर जुनं व्हीएम रांगतंय' या तक्रारी त्यातूनच आल्या.

खात्री करायला 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. पहिल्याच पानावर खाली 'व्हर्च्युअलायझेशन बेस्ड सिक्युरिटी' समोर 'रनिंग' असेल, किंवा शेवटच्या ओळीत हायपरव्हायझर सापडल्याचं लिहिलेलं असेल, तर तोच.

इथे लोक थेट सगळं बंद करायला धावतात. मी म्हणतो, जरा थांबा. त्याच मशीनवर नेटबँकिंग, जीएसटीचं पोर्टल, क्लायंटच्या फायली असतील तर कासव चालवून घ्या; थोडं हळू चालेल, चालू दे. प्रो एडिशन असेल तर भांडण्यापेक्षा व्हीएमच हायपर-व्हीमध्ये न्या. डॉकर आणि व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही रोज लागत असतील तर एकाला बंद करून दुसऱ्याला चालू करण्याच्या फेऱ्या माराल आणि कंटाळाल.

सरावाचं, घरचं मशीन असेल आणि वेग हवाच असेल तर क्रम असा. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म आणि सँडबॉक्स यांच्या टिक काढा. मेमरी इंटिग्रिटी बंद करा. तरी कासव राहिलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमधून बीसीडीएडिट या कमांडने 'हायपरव्हायझर लाँच टाइप'ची किंमत 'ऑफ' करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. परत हवं तेव्हा तीच किंमत 'ऑटो'. ही किंमत काय होती ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा, कारण महिन्याभराने डब्ल्यूएसएल उघडलं नाही की तुम्हाला हे आठवणार नाही.

दोन्ही लागणाऱ्यांसाठी एक जुगाड मला सगळ्यात आवडतो: बीसीडीएडिटनेच सध्याच्या बूटची एक प्रत काढायची, तिला 'व्हीएमसाठी' असं काहीतरी नाव द्यायचं आणि फक्त त्या प्रतीत हायपरव्हायझर ऑफ करायचा. मशीन सुरू होताना निळ्या पडद्यावर दोन पर्याय येतात. कॉलेजचं प्रॅक्टिकल असेल तर एक, डॉकरचं काम असेल तर दुसरा.

आणि उलटवणारा? डॉकर किंवा डब्ल्यूएसएल नव्याने टाकताना ते आपल्याला लागणाऱ्या टिक स्वतःच लावून घेतात. विंडोजचं मोठं वार्षिक अपडेट आलं की या टिक पुन्हा एकदा तपासा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर कंपनीची पॉलिसीच ते परत चालू करते. एंटरप्राइज एडिशनवर विंडोज ११ च्या २२एच२ व्हर्जनपासून क्रेडेन्शियल गार्ड (पासवर्ड जपणारी, याच हायपरव्हायझरवर चालणारी सोय) पात्र मशीनवर मुळातच चालू असतं. तिथे बीसीडीएडिट करत बसू नका. आयटीला तिकीट टाका, कारण लिहा, परवानगी घ्या.

घरी चालतं, ऑफिसात नाही, किंवा उलटं

ठाणे-वाशी लाइनवर रोज लॅपटॉप घेऊन जाणाऱ्यांचा हा खास रोग, आणि गंमत म्हणजे यात व्हीटीचा काहीच संबंध नसतो. ऑफिसात लॅपटॉप डॉकवर (वायरी जोडायच्या टेबलावरच्या डब्यावर) असतो, नेट लॅनच्या वायरीतून येतं. तिथे कुणीतरी व्हीएमचं नेटवर्क 'ब्रिज्ड' करून त्या डॉकच्या लॅन कार्डाला बांधलेलं असतं. संध्याकाळी कळव्याला घरी येऊन उघडलं तर डॉक नाही, म्हणजे ते कार्डच नाही. व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं, अमुक इंटरफेस सापडला नाही, आणि व्हीएम चालूच करत नाही. लोकांना वाटतं व्हीएम बिघडलं. बिचारं फक्त एक वायर शोधत असतं.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, 'अटॅच्ड टू' समोर 'नॅट' करा. व्हीएमला फक्त इंटरनेट लागत असेल तर नॅट पुरतं, होस्ट वायफायवर असो की लॅनवर की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. बाहेरून व्हीएमला जोडायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करता येतं. ब्रिज्ड तेव्हाच, जेव्हा ऑफिसातल्या बाकीच्या मशीनना ते व्हीएम वेगळं मशीन म्हणून दिसायला हवं.

'होस्ट ओन्ली' (फक्त होस्ट आणि व्हीएममधल्या नेटवर्कच्या) अडॅप्टरचा संदेश असेल तर विंडोजच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन व्हर्च्युअलबॉक्सचा अडॅप्टर एकदा डिसेबल, मग एनेबल. तो 'एनेबल्ड' दिसत असूनही चालत नसेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हरची टिक गेलेली असते, ती लावा. व्हीपीएन आणि अँटिव्हायरसची सॉफ्टवेअरं टाकताना ही टिक उडालेली मी पाहिली आहे.

यूएसबीचंही असंच. डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) व्हीएमला जोडून दिलेलं असेल आणि सीए साहेबांनी ते दुसऱ्या मशीनला लावलेलं असेल, तर आतलं सॉफ्टवेअर उघडणार नाही, पण दोष व्हीएमला जाईल. जुन्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींचं पूरक पॅकेज) लागायचा, आणि तो नसेल तर व्हीएम सुरूच व्हायचं नाही. ७.० पासून ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आहे. ऑफिसात तो पॅक उगाच टाकू नका. वैयक्तिक वापराला फुकट असला तरी कंपनीत वापरायला परवाना विकत घ्यावा लागतो. व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर, व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो, मात्र नोव्हेंबर २०२४ पासून कंपन्यांनाही फुकट आहे.

जागा, कुलूप आणि अर्धवट झोप

वाढत जाणारी डिस्क फाइल ही लोभी वस्तू. आत ऐंशी जीबीची डिस्क दाखवली आणि वापर वीसचा असला तर होस्टवर वीसच घेते, पण आतून फायली पुसल्या तरी बाहेरची फाइल आकसत नाही. त्यात स्नॅपशॉट. होस्टची जागा संपली की व्हीएम मध्येच थांबतं किंवा उठत नाही. जागा करा, पण स्नॅपशॉटच्या फायली एक्स्प्लोररमधून हाताने कधीही उडवू नका. एक कडी तुटली की पुढची सगळी साखळी गेली. स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सच्या किंवा व्हीएमवेअरच्या यादीतूनच काढायचे, आणि काढतानाही एकत्र करायला थोडी मोकळी जागा लागते, म्हणून गळ्याशी येईपर्यंत थांबू नका.

व्हीएमवेअर 'हे व्हीएम वापरात आहे' म्हणत असेल तर मशीन अचानक बंद पडल्यावर कुलपाचा फोल्डर मागे राहिलेला असतो, त्याच्या नावाच्या शेवटी 'एलसीके' असतं. आधी टास्क मॅनेजरमध्ये व्हीएमवेअरची व्हीएमएक्स प्रोसेस चालू नाही ना ते बघा. फोल्डर ऑफिसच्या सामाईक ड्राइव्हवर असेल तर शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी तेच व्हीएम उघडलेलं नाही ना, हेही विचारा. मग त्या कुलपाच्या फोल्डरचं नाव बदला. पुसू नका, नाव बदला.

हे कुलूप वारंवार लागत असेल तर व्हीएमचा फोल्डर कुठे आहे ते बघा. व्हीएमवेअर विंडोजवर तो 'डॉक्युमेंट्स'मध्ये बनवतं, आणि विंडोज ११ मध्ये 'डॉक्युमेंट्स' वनड्राइव्हला जोडलेलं असणं ही आता नेहमीची गोष्ट. म्हणजे चालू व्हीएमची कित्येक जीबीची फाइल वनड्राइव्ह मधूनच उचलायला बघतं. फोल्डर सरळ डी ड्राइव्हवर हलवा, व्हीएमवेअरने विचारलं तर 'आय मूव्ह्ड इट' सांगा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमसमोर 'सेव्हड' लिहिलंय आणि सुरू करताना ते कोसळतंय, असं असेल तर झोपवलेली स्थिती खराब झालेली असते, किंवा मध्ये व्हर्च्युअलबॉक्सचं व्हर्जन वा होस्टचा प्रोसेसर बदललेला असतो. 'डिसकार्ड सेव्हड स्टेट' करा. वायर उपटल्यासारखं होतं, न साठवलेलं काम जातं, डिस्क राहते. आणि यादीत व्हीएम 'इनअ‍ॅक्सेसिबल' दिसत असेल तर फोल्डरमध्ये सेटिंगच्या फायलीजवळच तिची 'प्रीव्ह' शेपटीची आधीची प्रत असते. खराब फाइल बाजूला ठेवून प्रतीला मूळ नाव दिलं की बहुतेक वेळा व्हीएम परत दिसतं.

होस्ट लिनक्स असेल तर

उबुंटूने कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं की व्हर्च्युअलबॉक्स 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' म्हणतं. डीकेएमएस (ड्रायव्हर पुन्हा बनवणारं साधन) आणि नव्या कर्नलचे हेडर बसवले की पुढच्या वेळी ड्रायव्हर आपोआप बनतो. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हरला सही लागते. सही करताना ठरवलेला पासवर्ड पुढच्या बूटच्या निळ्या पडद्यावर मागितला जातो, तिथे लोक घाईत 'कंटिन्यू' दाबतात आणि सगळं वाया जातं. कर्नल ६.१२ पासून आणखी एक नवं: केव्हीएमचा (लिनक्सच्या स्वतःच्या हायपरव्हायझरचा) मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची सोय ताब्यात घेतो, आणि व्हर्च्युअलबॉक्सला दुसरा हायपरव्हायझर दिसतो. केव्हीएम लागत नसेल तर तो मॉड्यूल काढा, किंवा कर्नलच्या बूट ओळीत 'एनेबल व्हर्ट अ‍ॅट लोड' हा केव्हीएमचा पर्याय शून्य करा.

व्हीएम सुरू होतं, आतलं विंडोज नाही

इथे मात्र गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टिम) बघायचा. 'नो बूटेबल मीडियम' म्हणजे डिस्क सुटली आहे किंवा बूटचा क्रम बदलला आहे. काळा पडदा आणि इंग्रजी अक्षरांचा शेल दिसला तर यूईएफआयची (बायोसच्या नव्या पद्धतीची) टिक चुकीची: जुनी डिस्क बायोसवर बनलेली असते आणि कुणीतरी टिक लावलेली असते. एक्सपीचा निळा पडदा ७बी या कोडसह आला तर डिस्क आयडीई या जुन्या जोडणीवरून साटावर हलवली गेली आहे, परत आयडीईवर जोडा. विंडोज ११ गेस्ट म्हणून टाकायचं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क दाखवावी लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएमची सोय ७.० पासून आहे. होस्टला मुळात आठच जीबी रॅम असेल तर त्यातली चार देऊन क्रोमच्या तीस टॅब उघड्या ठेवू नका.

एम१ किंवा त्यानंतरचा मॅक असेल तर जुनं इंटेलवालं व्हीएम व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणारच नाही, ७.१ व्हर्जन त्या मॅकवर बसतं, पण आत आर्मसाठी (या मॅकच्या प्रोसेसरची जात) बनवलेलीच सिस्टिम चालवतं. त्यावर वेळ घालवू नका.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना लॉग पाठवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएमवर उजवं क्लिक केलं की 'शो लॉग' मिळतं, व्हीएमवेअरची लॉग फाइल व्हीएमच्याच फोल्डरमध्ये असते. सोबत होस्टचं विंडोज कोणतं, व्हीएमच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन कोणतं, आणि शेवटचं नीट चाललं त्यानंतर मशीनवर काय काय नवीन आलं, तेवढं लिहा: अपडेट, अँटिव्हायरस, व्हीपीएन, नवा डॉक, गेलेली वीज, काहीही. पाठवण्याआधी लॉग एकदा चाळा. त्यात तुमचं यूजरनेम आणि फोल्डरांची नावं असतात, आणि फोल्डरांना क्लायंटची नावं द्यायची सवय आपल्या ऑफिसांत असतेच.